जेट नंबर १२८

रेसिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? शॅम्पेनचे फवारे, गॉगल लावलेले ड्रायव्हर, टायरचा धूर? माझ्याही तेच यायचं. मग फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पहाटेच पुण्याहून निघाले, खंबाटकी, सातारा, कराड, पेठ नाका असे २३० किलोमीटर मागे टाकले आणि कोल्हापुरात पोचले. नऊ वाजता अण्णांनी माझ्या तळहातावर करंगळीच्या नखाएवढा एक पितळी स्क्रू ठेवला. मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. ‘हे बघा ताई. सगळी रेस ह्यात हाय,’ ते म्हणाले.

शॅम्पेन गेली उडत!

कोल्हापूरला आपण अंबाबाई, तांबडा-पांढरा आणि चपला यांच्यासाठी जातो. पण या गावाचा खरा नाद आहे इंजिनाचा. शिवाजी उद्यमनगरातून एक चक्कर मारा. फडतरेंची मिसळ खायला तुम्ही तिथे गेला असालच, तर या वेळी जरा आजूबाजूलाही बघा. लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगच्या ठिणग्या, दारात उघडी पडलेली इंजिनं. फाउंड्री आणि मशीनशॉपच्या या गावात पोरांना स्पॅनरचे नंबर पाढ्यांआधी पाठ होत असावेत. म्हणूनच इथे कार्टिंग रुजलं यात नवल नाही. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत, आणि ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचलेला कृष्णराज महाडिक इथलाच.

अण्णा उद्यमनगरातले मेकॅनिक. साठीचे, पांढरा शर्ट, खिशात पेनाच्या शेजारी प्लग साफ करायचा ब्रश. ते ज्याचं कार्ट सांभाळतात तो ज्युनिअर क्लासमधला चौदा वर्षांचा मुलगा. त्याच्या वडिलांचं दोन लेथचं वर्कशॉप आहे. इंजिन एकच. जास्तीचं इंजिन घेण्याची ऐपत नाही, हे त्यांनी मला न विचारताच सांगितलं.

आता थोडं टेक्निकल. घाबरू नका!

रोटॅक्स मॅक्स हे ऑस्ट्रियन बनावटीचं १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. सीनिअर क्लासमध्ये ते साधारण ३० हॉर्सपॉवर देतं. गंमत म्हणजे हे इंजिन सीलबंद असतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरशिवाय कुणी उघडायचं नाही. सीलचा नंबर नोंदलेला असतो आणि रेसनंतर तो तपासतात. सिलिंडर घासायचा नाही, कारबुरेटरचं तोंड मोठं करायचं नाही. का? कारण नाहीतर ज्याचा बाप पैसेवाला, तोच जिंकणार. सगळ्यांना सारखं इंजिन, मग बघू कोण चालवतो.

मग मेकॅनिकच्या हातात उरतं काय? डेलॉर्टो कंपनीच्या कारबुरेटरचा मेन जेट बदलायची मुभा आणि सुईची क्लिप एखादी खाच वर-खाली करायची मुभा. म्हणजे पेट्रोल किती जाऊ द्यायचं, एवढंच. जेटवरचा नंबर म्हणजे ढोबळमानाने भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२५ म्हणजे १.२५ मिमी, १२८ म्हणजे १.२८. फरक ०.०३ मिमीचा. माणसाचा केस त्याहून जाड असतो!

‘एवढ्यानं काय होतं?’ मी विचारलं.

‘जेवणात मीठ किती आसतं?’ अण्णांनी उलट विचारलं.

खरी गोम हवेत आहे. हवा गार झाली की घट्ट होते. सकाळी १८ अंश आणि दुपारी ३३ अंश असेल, तर सकाळच्या हवेत पाचेक टक्के ऑक्सिजन जास्त. तिला पेट्रोलही जास्त लागतं, म्हणजे मोठा जेट. दुपारी हवा विरळ, म्हणून लहान जेट. उंचीचंही तेच. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणून चेन्नईच्या ट्रॅकवरचा नंबर इथे जसाच्या तसा चालत नाही.

पेट्रोल जास्त झालं तर इंजिन जड होतं, घुमतं, सरळ रस्त्यावर मार खातं. कमी केलं तर छान पळतं, आणि फसगत होते ती इथेच. ज्यांनी घरी टू-स्ट्रोक स्कूटर पाहिली आहे त्यांना आठवेल, पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मारून घ्यावं लागायचं. इथेही तसंच. पिस्टनला लागणारं ऑइल पेट्रोलमधूनच येतं आणि आतला गारवाही बराचसा त्यावरच असतो. पेट्रोल फारच कमी झालं की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. इंजिन सीझ. एक-दोन लॅप सगळ्यांत फास्ट, आणि मग खलास.

सकाळी १२८ होता. दुपारच्या हीटला अण्णांनी १२५ लावला आणि पोरगा दिवसातला त्याचा सगळ्यात चांगला लॅप मारून आला. वडील खूश. आता फायनल संध्याकाळी पाचला.

साडेचारला पश्चिमेकडून ढग आले. वारा सुटला, मी बॅगेतली ओढणी काढली. अण्णांनी तंबूच्या खांबाला टांगलेला थर्मामीटर बघितला. २२. ते गुपचूप जेटची डबी उघडू लागले.

‘अण्णा, ऱ्हाऊ द्या की १२५,’ वडील म्हणाले. ‘आत्ताच तर टाइम आलाय. दहा लॅपचा प्रश्न हाय.’

‘दहा लॅप इंजिन ऱ्हायलं पायजे न्हवं?’

‘पोडियम मिळाला तर स्पॉन्सर बोलतील हो...’ वडिलांचा आवाज खाली गेला. मी दुसरीकडे बघू लागले. पेट्रोलच्या वासात कुणाच्या घरचा हिशोब ऐकायला मिळेल, असं वाटलं नव्हतं.

अण्णांनी पोराला विचारलं, ‘बाळा, तू चालवणार. तू सांग.’

तो हेल्मेटचा पट्टा घट्ट करत म्हणाला, ‘१२८ लावा. कार्ट बंद पडलं तर शेवटचाच येईन.’

दहा लॅप मी कुंपणाला चिकटून उभी होते. लांब सरळ रस्त्यावर पुढचं कार्ट दर वेळी थोडं निसटायचं, आणि वळणात हा ते भरून काढायचा. शेवटी चौथा आला. पोडियम एका जागेने हुकला. वडील काही बोलले नाहीत.

वजन झालं, सीलचा नंबर जुळला, पेट्रोलचा नमुना घेतला गेला. मग अण्णांनी प्लग काढला. पांढरा म्हणजे धोका, काळा आणि ओला म्हणजे पेट्रोल जास्त. हा भाजलेल्या शेंगदाण्याच्या फोलपटासारखा तांबूस होता. त्यांनी तो वडिलांच्या हातात दिला. वडिलांनी उजेडात धरून बराच वेळ बघितला, शर्टाला पुसला. ‘इंजिन धडधाकट हाय,’ ते म्हणाले. ‘पुढच्या म्हैन्यात हाय की रेस.’

मग पोराच्या पाठीवर थाप पडली. जरा जोरातच.

जायचं असेल तर मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे, पुण्याहून गाडीने पाचेक तास. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हवा सुखाची. मिसळ खा, रंकाळ्यावर जा, पण एक सकाळ उद्यमनगरासाठी राखून ठेवा. आणि एखाद्या तंबूत पांढऱ्या शर्टातले कुणी गृहस्थ हवेकडे बघत उभे दिसले, तर त्यांच्याशी बोलायची घाई करू नका. त्यांचं काम चालू असतं.