गजकर्ण, पण घोड्याचं!

शुक्रवारी रात्री साडेअकराला क्लायंट कॉल संपवून शनिवारी पहाटे साडेपाचला टुणकन उठणारी माणसं एकतर ट्रेकवाली असतात, नाहीतर प्रेमात पडलेली. मी दुसऱ्या गटातली. माझं प्रेम चार पायांचं, राखाडी रंगाचं, नाव बादल. एकेकाळी रेसमध्ये धावलेला थरोब्रेड. आता शहराबाहेरच्या एका रायडिंग क्लबात माझ्यासारख्या कीबोर्डबडव्यांना पाठीवर घेऊन फिरवतो बिचारा.

ऑनसाइटला गेले होते तेव्हा त्याच्यासाठी एक झक्कास ग्रूमिंग किट आणलं होतं. रबरी खरारा, दोन ब्रश, आयाळीचा कंगवा, सगळं निळ्या बॅगेत. बादलचा खरारा झाला की शेजारच्या राणीचा, मग कोपऱ्यातल्या दीड वर्षाच्या शिंगराचा. लाड हो, दुसरं काय! आमच्या सईसमामांकडे मात्र प्रत्येक घोड्याचं वेगळं, झिजलेलं सामान. ‘ताई, ज्याचा खरारा त्यालाच बरा,’ ते एकदा म्हणालेही होते. मी हसून सोडून दिलं. मला वाटलं, जुनी माणसं, जुन्या समजुती.

जूनमध्ये एका हिल स्टेशनला गेलो होतो. तिथल्या भाड्याच्या तट्टाची दया आली, म्हणून गाडीतली निळी बॅग काढून त्यालाही घासलं. त्याच्या मानेवर एक टक्कल पडलेला चट्टा होता. दोरीचा घट्टा असेल, म्हटलं.

जुलैत बादलच्या अंगावर, जिथे खोगिराचा तंग आवळतो तिथे, चार-पाच फुगवट्या दिसल्या. त्यांच्यावरचे केस ताठ उभे. डास चावले असतील! नमदा टाकला, खोगीर कसलं आणि तासभर रपेट मारली. (हे लिहिताना आजही लाज वाटते.) पुढच्या शनिवारी तिथले केस गळून रुपयाएवढे गोल चट्टे उमटलेले, वर कोंडा. राणीच्या मानेवर तेच. शिंगराच्या तर थेट तोंडावर.

मामांना आधी पावसाळी खपल्या वाटल्या. तोही खराच आजार आहे, ‘रेन रॉट’ म्हणतात त्याला. पण तो बुरशीचा नाही, बॅक्टेरियाचा. कातडी सतत ओली राहिली, त्यात ओरखडा किंवा माशीचा चावा, की हे जंतू आत शिरतात. जिथे पाऊस थेट पडतो त्या पाठीवर, पुठ्ठ्यावर खपल्या धरतात आणि खपलीसकट केसांचा झुबका रंगाच्या ब्रशसारखा हातात येतो. त्यावर मुख्य उपाय घोडा कोरडा ठेवणं. खपल्या कोरड्याच खरवडायच्या नाहीत, औषधी पाण्याने भिजवून मऊ करून काढायच्या. कुणीतरी सांगतं म्हणून वरून तेल थापायचं नाही, ओल आतच कोंडते.

आमचं प्रकरण वेगळं निघालं. डॉक्टरांनी चट्ट्याच्या मधले नाही, कडेचे केस चिमट्याने उपटून लॅबला पाठवले, कारण बुरशी कडेकडेने पसरते. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात म्हणून औषध लगेच सुरू केलं. ‘गजकर्ण आहे,’ डॉक्टर म्हणाले. नाव हत्तीच्या कानाचं, आजार घोड्याला! मला हसू आलं होतं, पण तेवढ्यात त्यांनी विचारलं, ‘कुणाचा ब्रश कुणाला वापरला?’

मालक मामांवर घसरले. स्वच्छता नाही, लक्ष नाही, औषधाचा खर्च पगारातून कापतो वगैरे वगैरे. मामा खाली बघत उभे. आणि मी? मी बादलची आयाळ कुरवाळत बसले. निळी बॅग दोन पावलांवर होती.

मंगळवारी ऑफिसात डाव्या हातावर खाज सुटली. बाही वर केली तर लालभडक गोल रिंगण. घोड्याचं गजकर्ण माणसालाही होतं, बॉस! मी काय केलं? केमिस्टकडून थ्री-इन-वन मलम आणलं. खाज दोन दिवसांत गायब, रिंगण मात्र दुप्पट. स्किनच्या डॉक्टरांनी ते मलम थेट कचऱ्यात टाकलं. त्यात स्टेरॉइड होतं. लाली दबते, बुरशी आत मजेत वाढते.

फुल स्लीव्ह्ज घालून मीटिंगमध्ये रिंगण लपवता आलं. शनिवारी तबेल्यात लपवता येईना. मालकांसमोर, मामांसमोर बॅग ठेवली आणि तट्टापासून सगळं सांगितलं. औषधाचं बिल मी भरते म्हटलं. मालक गप्प झाले. बाहेर आल्यावर मामा शांतपणे म्हणाले, ‘मला कवाच ठाऊक होतं ताई. शिंगराला तुमच्याबिगर कोण घासतंय?’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तुम्ही मेंबर.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पुढचे सहा आठवडे रपेट बंद, फक्त धुणं. तिघांना वेगळं बांधलं. सगळ्यात शेवटी त्यांचं काम, ग्लोव्हज घालून. आठवड्यातून दोनदा बुरशीनाशक शाम्पू, फक्त चट्ट्यांवर नाही, अख्ख्या अंगाला. फेस लावून घड्याळ लावून दहा मिनिटं थांबायचं, मग धुऊन खडखडीत कोरडं करायचं. दहा मिनिटं ओला घोडा एका जागी उभा ठेवणं म्हणजे काय, ते क्लायंट सांभाळणाऱ्यांनाच कळेल. डॉक्टर म्हणाले, हे बहुतेकदा दोन-तीन महिन्यांत आपोआपही बरं होतं, पण तोवर घोडा केसाकेसाने बीजाणू सांडत राहतो आणि लाकडात, सामानात ते वर्षभरसुद्धा जिवंत राहू शकतात. म्हणून दारं, खुंट्या आधी घासून स्वच्छ केल्या, मग एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी. मळावर ब्लीच नुसतं ओतून उपयोग नाही. नमदे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकले. पुण्याच्या जुलैत ऊन! निळ्या बॅगेतलं सगळं मी स्वतः फेकलं. आयाळीचा तो कंगवा फेकताना मात्र जीव हळहळला.

रिपोर्ट आला, गजकर्णच. तोवर बादलच्या चट्ट्यांवर मखमलीसारखे बारीक केस फुटायला लागले होते. शिंगराला सगळ्यात जास्त वेळ लागला. लहान जिवांची प्रतिकारशक्ती अजून तयार व्हायची असते.

दसऱ्याला तिघांच्या गळ्यात झेंडूच्या माळा होत्या. आता मामांनी प्रत्येक बादलीला वेगळा रंग दिलाय. बादलची हिरवी. शनिवारी फाटकातून आत शिरले की मामा आडवे येतात.

‘ताई, आधी हात दाखवा.’

मी बाह्या वर करते.