ऑपरेशनच्या आधी खोली बघा

आज बागेची नोंद नाही. काल शेजारच्या तालुक्यातून फोन आला. भावाला किडनी द्यायचीय, पुण्यात ऑपरेशन, पैशाची जुळणी झालीय. मी विचारलं, "नंतर राहणार कुठं?" तर म्हणाले, "दवाखान्यातच की." दोन वर्षांपूर्वी मीपण हेच म्हणत होतो, म्हणून लिहितोय.

२०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या थोरल्याला त्याच्या आईनं किडनी दिली. ती पाच दिवसांत बाहेर आली, तिला वाकडला भाच्याच्या खोलीवर ठेवलं. पोराला सुट्टी व्हायला आठवडा होता. मला वाटलं, मग गाडी करून सरळ सांगोला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने दवाखान्याजवळ राहायचं. त्यांनी आधीही सांगितलं होतं, मीच कानाआड केलं होतं.

कारण असं, की शरीरानं परकी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस नावाची गोळी असते. रक्तात ती कमी पडली तर किडनी जायची भीती, जास्त झाली तर किडनीलाच अपाय. म्हणून सुरुवातीला आठवड्यातून दोनदा रक्त द्यायचं, तेही रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी. खताचा डोस टाकण्याआधी मातीचा नमुना घेतो, तसंच.

हिंजवडीत मी तीन दिवस खोली हुडकत फिरलो. तिथं खोल्यांना तोटा नाही, आयटीच्या पोरांसाठी गल्लोगल्ली पीजी. पण एका खोलीत तीन कॉट, सामाईक संडास, स्वयंपाकाला बंदी. आम्हाला हवा स्वतंत्र संडास, ताजं शिजवलेलं अन्न, उकळून गार केलेलं पाणी. फ्लॅटवाले म्हणायचे अकरा महिन्यांचा करार, वर डिपॉझिट, वर एजंटचं एक महिन्याचं भाडं. मला तर तीनच महिने हवेत! एकानं सगळं कबूल केलं आणि पेशंट आहे कळल्यावर "काही झालं बिझलं तर?" म्हणून चावी परत घेतली. एक खोली झकास होती, पण गॅलरीत कबुतरांच्या विष्ठेचा थर. कबुतरांपासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. एक स्वस्त मिळत होती, चार किलोमीटरवर. सकाळी आयटीची गर्दी सुरू झाली की ते चार किलोमीटर तास खातात. वेळेवर रक्ताला पोचणार कसं?

चौथ्या दिवशी टपरीवर एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "गाव कंचं?" सांगोला म्हटल्यावर डाळिंबाचं बोलणं निघालं. त्यांचं रान एमआयडीसीत गेलेलं, भाताच्या खाचरांवर आता काचेची इमारत. गावठाणात घर, माडीवर दोन खोल्या. सगळं ऐकून म्हणाले, "पोरगं बरं होईस्तोवर ऱ्हावा." नऊ हजार भाडं, डिपॉझिट नाही. पोलिसात भाडेकरूची नोंद मात्र केली, ते बरोबरच.

मुंबईला टाटाच्या कॅन्सर पेशंटना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, लोकांना तो मोठा आधार. पण नवीन किडनीवाल्याला गर्दीही चालत नाही. महात्मा फुले योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ ला अडीच लाखांवरून साडेचार लाख करायचं ठरलं. चांगलंच झालं, पण खोलीभाडं, रिक्षा, गॅस त्यात येत नाही. आमचे यावरच पंचावन्न हजार गेले. आंबे बहार सोडून दिला तो हिशेब वेगळा.

शिवाय किडनी देणारीसुद्धा पेशंटच असते, हे कुणी ध्यानात घेत नाही. तिला पाण्याची बादली उचलायची बंदी. भाकरी मी थापायला शिकलो. पहिला आठवडा तिघांनी नकाशेच खाल्ले.

पोराला सगळ्यात जड गेलं ते मातीचं पथ्य. शेणखत, कंपोस्ट, जुना कडबा, सगळ्यात बुरशीचे बीजाणू. गोळीमुळं प्रतिकारशक्ती दबलेली. ट्रायकोडर्मा शेणखतात मुरवायचं काम त्याचंच असायचं. मी म्हटलं, ती तर मित्रबुरशी. डॉक्टर म्हणाले, "झाडाची मित्र. याची नाही."

आणि गंमत बघा. पोरानंच मोबाइलवर वाचून दाखवलं, टॅक्रोलिमस हे औषध १९८४ ला जपानात त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीतल्या जिवाणूपासून सापडलं. जिवाणू स्ट्रेप्टोमायसिस कुळातला. तेल्यावर आपण स्ट्रेप्टोसायक्लिन फवारायचो, त्यातलं स्ट्रेप्टोमायसिनही त्याच कुळाचं, आणि पहिल्या पावसाचा वासही त्याच कुळामुळं. त्यावर पोरगा बराच वेळ गप्प होता.

टिश्यू कल्चरचं रोप लॅबमधून काढून कुणी थेट रानात लावतं का? आधी शेडमध्ये हार्डनिंग करतो. ती माडी म्हणजे आमची शेडनेट होती.

एप्रिलात म्हातोबाच्या यात्रेचं बगाड निघालं. गर्दीत जायचं नव्हतं, म्हणून तात्यांनी खिडकीशी खुर्ची मांडून दिली. त्यांच्या मंडळींनी तव्यावरची पोळी झाकून वर आणली आणि दारातूनच विचारलं, "गरम हाय, चालंल न्हवं?" चालली. दोन खाल्ल्या त्यानं.

मेअखेर गावी आलो. आता तो ओसरीवर बसून ठिबकचं वेळापत्रक आणि हिशेब बघतो, खताला हात लावत नाही.

कालच्या फोनवाल्यांसाठी तात्यांना लगेच विचारलं. सध्या माडीवर बीडकडचं कुटुंब आहे, त्यांच्या मुलीला आईनं किडनी दिलीय. पुढच्या महिन्यात खोली मोकळी होतेय. ऑपरेशनची तारीख त्याच्या आधीची असली तर बाकीचे दिवस कुठं काढायचे, ते आज संध्याकाळी फोनवर बघणार आहोत. हिंजवडी-वाकडात कुणाच्या ओळखीची तळमजल्याची, स्वतंत्र संडासाची खोली असेल तर मेसेज करा.