कोठीतले तीन रुपये

हैदराबादच्या मराठी घरांत कोठी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. फक्त प्रत्येकाची कोठी वेगळी असते. आमच्या आजीची कोठी म्हणजे विवेकवर्धिनी, 1907 सालची शाळा. आईची कोठी सुलतान बाजारात सुरू होते आणि बांगड्यांच्या दुकानांपाशी संपते. बाबांची कोठी म्हणजे फुटपाथवर मांडलेली जुनी पुस्तकं. माझी कोठी मात्र गुजराती गल्लीत आहे. तिथं मोबाइलचे सुटे भाग, वायरी, मोटारी, सेन्सर आणि डोळ्यांत तेल घालून शोधावे लागणारे इवलेसे भाग मिळतात.

मी मराठीतून एक छोटं यूट्यूब चॅनल चालवतो. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारचं काम. विषय दोनच: लिनक्स आणि घरच्या घरी करता येणारं हार्डवेअर. जुन्या, रडतखडत चालणाऱ्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून तो पुन्हा वापरात कसा आणायचा, मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कळफलक कसा लावायचा, रास्पबेरी पायवर काय काय करता येतं, असं. सदस्य अठराशेच्या आसपास. माझी मराठी हैदराबादी आहे. मध्येच ‘हौ’ येतो, क्रियापदं कधी कधी वाट चुकतात. तरी मराठवाड्यातली मुलं बघतात, कारण इंग्रजीतून हे सगळं भरपूर मिळतं, मराठीतून कमी.

मागच्या वर्षी मी ‘टाकीत पाणी किती?’ असा व्हिडिओ केला. आमच्या भागात नळ एक दिवसाआड येतो, आणि टाकी भरली की नाही हे बघायला चौथ्या मजल्यावरून गच्चीवर कुणी जायचं, यावरून घरात रोज वाद. म्हणून टाकीच्या झाकणाला आतून अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला. बाजारात एचसी-एसआर झिरो फोर नावानं मिळतो, दोन डोळ्यांचा. एक डोळा आवाज सोडतो, दुसरा पाण्यावरून परत आलेला आवाज ऐकतो. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. जाऊन यायला लागलेल्या वेळाला या वेगानं गुणायचं, दोननं भागायचं, की पाणी किती खाली आहे ते कळतं. बाकीचा हिशेब रास्पबेरी पाय करतो. आई खूश, मी खूश, व्हिडिओही बरा चालला.

तीन आठवड्यांनी नांदेडहून एका मुलाचा मेल आला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. उन्हाळ्यात दोन महिने एका दुकानात काम करून त्यानं पाय घेतला होता. ‘दादा, तुम्ही दाखवलं तसं जोडलं. आता बोर्ड चालूच होत नाही.’

मी त्याला काय उत्तर दिलं ते लिहायला आजही बरं वाटत नाही. मी लिहिलं, ‘माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय. तुझं काहीतरी चुकलं असेल.’

त्याचा परत मेल आला. रागाचा नव्हता. जोडणीचे चार फोटो होते आणि खाली एकच ओळ, ‘दादा, मी तुमच्या व्हिडिओतलंच केलं.’ मी फोटो बघितले. खरंच, तारन् तार माझ्यासारखीच होती. मग मी सेन्सरचा माहितीकागद उघडला, जो व्हिडिओ करण्याआधी उघडायला हवा होता. सेन्सर पाच व्होल्टवर चालतो आणि उत्तरही पाच व्होल्टमध्येच देतो. पायच्या पिना मात्र 3.3 व्होल्टच्या. मध्ये व्होल्टेज उतरवायला हवं होतं. मी ते केलंच नव्हतं. माझी पीन टिकली ते नशीब, आणि ते नशीब मी अठराशे लोकांना खात्री म्हणून दाखवलं होतं.

मी व्हिडिओ त्याच रात्री काढला आणि त्याला फोन केला. नवीन बोर्ड पाठवतो म्हणालो. फोन त्याच्या वडिलांनी घेतला. म्हणाले, ‘पाठवू नका. डोळे दाखवायला पुढल्या आठवड्यात हैद्राबादलाच येणार आहोत. पोरगं बी संगं येतंय. तेवढं बघा म्हणजे झालं.’

नांदेडची रात्रीची गाडी पहाटे काचीगुड्याला आली. काचीगुड्याचं स्टेशन 1916 सालचं, निजामाच्या रेल्वेचं. काका बाहेर येऊन घुमटांकडे बघत थोडा वेळ उभेच राहिले. ‘आमचे आजोबा बी याच स्टेशनात उतरायचे,’ म्हणाले. ‘जमिनीचा दावा होता, हायकोर्टात. तवा आमचं हायकोर्ट हितंच की.’ आपल्या पिढीला मराठवाडा आणि हैदराबाद म्हणजे दोन वेगळी राज्यं वाटतात. 1956 पर्यंत दोन्ही एकाच राज्यात होती, हे मी पुस्तकात वाचलं होतं. काकांना ते आजोबांच्या दाव्यामुळे माहीत होतं.

डोळ्यांची तपासणी दुपारी उरकली. मग आम्ही बडी चावडीवरून चालत कोठीला निघालो. वाटेत ब्रिटिश रेसिडेन्सीचे उंच खांब लांबून दाखवले. 1803 साली रेसिडेंट कर्कपॅट्रिकनं बांधायला घेतलेली ही हवेली. तिच्यावरूनच या भागाला कोठी म्हणतात. मुलगा मान डोलावत होता, पण त्याचा हात सारखा दप्तरातल्या डब्यावर होता. बोर्ड त्यानं स्टीलच्या डब्यात, रुमालात गुंडाळून आणला होता.

गुजराती गल्लीत शिरलं की आधी आवाज येतो, मग सोल्डरिंगचा वास. दोन माणसं समोरासमोर आली की एकानं दुकानात पाऊल टाकल्याशिवाय दुसरा पुढे जात नाही. मी ज्या चाचांकडे जातो त्यांचं दुकान म्हणजे एक काउंटर आणि त्यामागे छतापर्यंत प्लास्टिकचे खण. त्यांना लिनक्सशी देणंघेणं नाही, पण कुठला भाग का जळतो हे त्यांना न बघता कळतं.

‘क्या हुआ मियाँ?’

मी सांगितलं. सगळं, माझ्या चुकीसकट. त्यांनी चष्मा वर केला. ‘पाँच वोल्ट सीधा दे दिए? चेहरे पे तो पढ़े-लिखे लगते तुम.’ मुलगा पहिल्यांदा हसला.

बोर्डाला वीज दिली. लाल दिवा लागला, हिरवा लागेना. लाल म्हणजे वीज पोचली, हिरवा म्हणजे मेमरी कार्ड वाचलं जातंय. चाचांनी विचारलं, ‘दूसरा कार्ड डाल के देखे क्या?’ आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीच बघितलं नव्हतं. बोर्ड बंद पडल्यावर घाबरून त्यानं चालू असतानाच वायर ओढली होती, हे तेव्हा कळलं. तसं केलं की कार्डावरचं लिनक्स बिघडू शकतं. आणि मी? मी स्वतःच्या चुकीत इतका अडकलो होतो की हा साधा प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं.

माझ्या पिशवीतलं कार्ड घातलं. हिरवा दिवा लुकलुकला. कोपऱ्यातल्या छोट्या पडद्यावर अक्षरं धावायला लागली. काकांना त्यातलं काही कळलं नसेल, पण पोराच्या चेहऱ्याकडे बघून ते स्टुलावर नीट टेकून बसले.

माझी चूक मात्र पुसली गेली नव्हती. आम्ही पिना एकेक करून तपासल्या. जिथं सेन्सरची तार होती ती जीपीआयओ चोवीस कायम ‘एक’ दाखवत होती. ग्राउंडला जोडली तरी ‘एक’च. ती पीन गेली. बाकीच्या चालत होत्या.

चाचांनी एका खणातून तीन रेझिस्टर काढले, तिन्ही एक किलोओहमचे, तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचे. तिन्ही एकापुढे एक जोडले. एका टोकाला सेन्सरचे पाच व्होल्ट, दुसऱ्या टोकाला ग्राउंड. म्हणजे पाच व्होल्ट तीन सारख्या पायऱ्यांत उतरतात. पहिल्या पायरीनंतर तार काढली की दोन तृतीयांश उरतात, 3.33 व्होल्ट. मीटर लावून त्यांनी मुलाला आकडा वाचायला सांगितला. किंमत विचारली तर म्हणाले, ‘तीन रुपये. ये पैले लेना था.’

ते तीन रुपये मी दिले. नवीन बोर्ड मुलानं घेतला नाही. ‘दादा, एकच तर पीन गेली,’ म्हणाला. एक कार्ड मात्र घ्यायला लावलं.

त्याच संध्याकाळी आमच्या गच्चीवर नवा व्हिडिओ केला. जोडणी त्यानं केली, बोलला तोच, त्याच्या नांदेडी मराठीत. सुरुवातीला मी माझी चूक सांगितली आणि मग बाजूला झालो. काका टाकीच्या सावलीत चहात उस्मानिया बिस्किट बुडवत बसले होते. मध्येच मोठ्यानं म्हणाले, ‘टाकी भरली का न्हाई ते सांगा की!’ ते कापलं नाही, तसंच ठेवलं. टाकी अर्धी होती.

आता प्रत्येक व्हिडिओआधी मी भागाचा माहितीकागद वाचतो, आणि जोडणी आधी दुसऱ्या कुणाला तरी करायला देतो. त्यामुळे महिन्याला एकच व्हिडिओ होतो. तुमच्यापैकी कुणाला यात हात घालायचा असेल तर सांगा. शनिवारी अकराच्या सुमारास मी गुजराती गल्लीत असतोच. येताना सुटे पैसे आणा, चाचांकडे नसतात.