पहिला झुरका

व्यसन हा शब्द वि-उपसर्गपूर्वक 'अस्' म्हणजे फेंकणें या धातूपासून झाला आहे. मनूनें सातव्या अध्यायांत कामापासून होणारीं दहा व क्रोधापासून होणारीं आठ अशीं १८ व्यसनें सांगितलीं. त्यांत तंबाखूचें नांव नाहीं, कारण ती पोर्तुगीजांच्या मार्फत फार उशिरां आपल्याकडे आली. आतां तिनें आणखी एक रूप घेतलें आहे. विजेरीवर चालणाऱ्या ई-सिगारेटमध्यें पान जळत नाहीं. निकोटिन मिसळलेला द्रव तापून त्याची वाफ होते, आणि तिला आंब्याचा वा पुदिन्याचा वास देतां येतो. २०१९ सालीं कायद्यानें आपल्या देशांत तिच्या उत्पादनास व विक्रीस बंदी झाली. तरीही ती मुलांच्या दप्तरापर्यंत पोहोंचतेच.

मुलें हें कां करतात? 'अज्ञानामुळें' हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग रोगाच्या चित्रानें व इशाऱ्यानें व्यापलेला असतो; तें चित्र मुलांनीं आपल्याहून अधिक बारकाईनें पाहिलेलें असतें. २०१९ च्या सरकारी पाहणींत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकीं ८.५ टक्के मुलें तंबाखू सेवन करणारीं आढळलीं, आणि त्यांतील कित्येकांनीं ती वयाच्या दहा वर्षांच्या आंतच चाखली होती. एवढ्या लहान मुलाला ती कोणी दाखविली असेल? आजीची मशेरी, आजोबांची तपकिरीची डबी, काकांचा पानाचा डबा, हीं कांहीं परक्या घरांतलीं नव्हेत.

गेल्या वर्षीं आमच्या पुतण्याच्या मुलाच्या दप्तरांत अशीच एक नळी सांपडली. तो तेव्हां नववींत होता. त्याच्या आईस ती प्रथम रंगीत लेखणीच वाटली. पुतण्यानें हात उगारला. मुलगा मागें सरला नाहीं. "बाबा, तुमचें पाकीट स्कूटरच्या डिकींत असतें," एवढेंच म्हणाला. उगारलेला हात खालीं आला, पण बापलेकांचें बोलणें तीन आठवडे बंद पडलें.

संध्याकाळीं आम्हीं त्यास गच्चीवर नेलें व नुसतें कारण विचारलें. तो म्हणाला, "अण्णा आजोबा, शिकवणीच्या सुटींत चौघांनीं ओढली. मी नाहीं म्हटलें असतें, तर उद्यांपासून मला कोणी बोलाविलें नसतें. शिवाय ती नुसती वाफच असते ना?"

शेवटचें वाक्य फसवें होतें. पान नसलें तरी पानांतलें विष त्या वाफेंत असतें. परंतु पहिलीं दोन वाक्यें अगदीं खरीं होतीं. चौदाव्या वर्षीं चार सोबत्यांचें मत हीच मुलाची पंचायत असते. तिच्यापुढें आपण मोठे झालों हें सिद्ध करावयाचें, आणि मोठेपणाची खूण म्हणून त्यानें घरीं पाहिलें तें काय, तर जेवणानंतर बाहेर जाऊन सोडलेला धूर!

कुतूहल हा अपराध नव्हे. पण मेंदूची वाढ सुमारें पंचविसाव्या वर्षापर्यंत चालते, आणि वाढत्या मेंदूंत निकोटिनची ओढ लवकर रुजते. म्हणून पहिला झुरका आणि रोजची गरज यांमधील अंतर मुलाला वाटतें त्याहून फार थोडें असतें. त्या थोड्या अवधींत त्याला घरांतल्या कोणापाशीं तरी मोकळेपणानें बोलतां आलें पाहिजे. ज्या घरांत पहिल्या शब्दाला थप्पड मिळते, तेथें दुसरा शब्द ऐकूं येत नाहीं. तो सोबत्यांच्या कानांत जातो.

पुतण्यानें त्यानंतर सिगारेट दोनदां सोडली व एकदां पुन्हां धरली. मात्र आतां तो हें पंगतींत सर्वांसमक्ष सांगतो, आणि किती दिवस झाले याचा हिशेब त्याचा मुलगा ठेवतो. स्वतःच्या नळीविषयीं मुलगा अद्याप फारसें बोलत नाहीं. पण परवां त्यानें आपण होऊन विचारलें, "बाबा, सोडल्यावर पहिले दिवस फार जड जातात का?" प्रश्न कोणासाठीं होता, हें आम्हीं विचारलें नाहीं, वडिलांनीं मात्र हातांतलें काम ठेवून उत्तर दिलें.