रुळांखालची माती

रुळांवरच्या गाडीचे वजन शेवटी मातीवर येते. चाकाचा भार रुळावरून स्लीपरवर, तिथून खडीत आणि खडीतून खालच्या भरावात पसरत जातो. माती नीट दाबलेली आणि कोरडी असेल, तर ती हा भार वर्षानुवर्षे पेलते. पाणी मुरून तिथेच साठले की तीच माती मऊ पडते आणि प्रत्येक गाडीच्या दाबाने चिखल खडीत वर चढू लागतो.

गँगमनच्या नजरेला हे लवकर दिसते. स्लीपरभोवतीची खडी मळकट होते. गाडी जाताना स्लीपर दबतो, उठतो आणि कडेने गढूळ पाणी उडते. नवी खडी टाकून रूळ उचलला तरी तो पुन्हा बसतो, कारण दुखणे खाली असते. दोन्ही रूळ सारखे बसले तर धोका त्या मानाने कमी. एकच रूळ थोड्या अंतरात खचला की मार्गाला पीळ पडतो, एका बाजूच्या चाकावरचा भार हलका होतो आणि वळणावरच्या रेट्याने त्या चाकाची कड रुळावर चढते. मग गाडी घसरते.

मुसळधार पावसात माती एकदम ढासळणे हा दुसरा प्रकार. 29 ऑगस्ट 2017 रोजी सकाळी वासिंद आणि आसनगाव यांच्या दरम्यान नागपूर–मुंबई दुरांतोचे इंजिन आणि 9 डबे असेच घसरले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

हा पट्टा शहापूर तालुक्यातला, मोखाड्याच्या शेजारचा. जव्हार-मोखाड्यात रेल्वे नाही. मोखाड्याकडचे लोक खोडाळ्यावरून कसाऱ्याला येऊन लोकल धरतात. पण जमिनीचा स्वभाव डोंगरउतारावर सगळीकडे तोच. काळ्या कातळावर मुरमाचा पातळ थर आणि त्यावर चार महिने कोसळणारा पाऊस. पाणी मुरमातून उतरते, कातळाला अडते आणि वरचा थर त्या ओल्या पाठीवरून सरकतो. भातखाचर राखणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. पाण्याला वाट दिली नाही तर बांध फुटतो, म्हणून तो भर पावसात कुदळ घेऊन बांधावर जातो.

रेल्वेचे उपायही पाण्याभोवतीच फिरतात. खडी आणि माती यांच्यामध्ये पाणी झिरपू देणारा जाड वाळू-मुरमाचा थर, उतारावर संरक्षक भिंत, पावसाळी गस्त, शंका येताच वेग कमी करणे. यातले सर्वांत साधे आणि सर्वांत कमी लेखले जाणारे काम म्हणजे कडेच्या गटारांतला आणि मोऱ्यांतला गाळ काढणे. ते मे महिन्यातच उरकावे लागते.