पाहुण्यांचा बाक

फुटबॉलच्या मैदानावर मध्यरेषेच्या अलीकडे-पलीकडे, टचलाइनपासून जरा मागे, दोन बाक असतात. एक यजमानांचा, दुसरा पाहुण्यांचा. दिसायला दोघे जुळे. मोठ्या स्टेडियमवर त्यांना गाद्यांच्या खुर्च्या आणि वर वाकलेलं पारदर्शक छत असतं. आमच्या ओझर टाउनशिपमध्ये शाळांचे सामने असले की वर्गातलेच दोन लाकडी बाक उचलून मैदानाच्या कडेला ठेवतात. कुणीतरी कर्कटकाने कोरलेलं नाव त्यांच्यावर तसंच असतं. थाट वेगळा असला तरी स्वभाव सगळीकडे सारखाच. यजमानांच्या बाकाबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील, कारण त्याला त्याची माणसं आहेत. मला बोलायचंय ते पाहुण्यांच्या बाकाबद्दल. त्याच्यावर कुणी कायमचं राहत नाही आणि तो कुणाला नाही म्हणत नाही.

दर सामन्याला त्याच्याकडे नवे रंग येतात, नव्या भाषा येतात. पाण्याच्या बाटल्या, बर्फाची पेटी, फिजिओची बॅग आणि कधी नाव पुकारलं जाईल म्हणून पाय हलवत बसलेली राखीव पोरं, एवढा संसार नव्वद मिनिटं त्याच्या आसऱ्याला असतो. शिट्टी वाजली की सगळं आवरून निघून जातं. त्याच्यापुढे एक अंगण आखलेलं असतं, टेक्निकल एरिया म्हणतात त्याला. बसण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर, आणि पुढे टचलाइनच्या एक मीटर अलीकडेपर्यंत. या चौकोनातून एका वेळी एकाच माणसाला खेळाडूंना सूचना द्यायची मुभा असते. जगातला कितीही मोठा प्रशिक्षक आला तरी अंगण तेवढंच मिळतं.

या बाकाची खरी ओळख पटते ती एका खास पाहुण्याच्या दिवशी. गेल्या मोसमापर्यंत जो माणूस समोरच्या, यजमानांच्या बाकावर बसत होता, तो आज इकडे येऊन बसतो. मैदान तेच, ड्रेसिंग रूमकडे जाणारा बोळ तोच, फक्त शेवटी वळायचं दुसरीकडे. अशा दिवशी कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर एकच चर्चा असते. याला तर त्या संघाची नस न् नस ठाऊक आहे, मग याचंच पारडं जड नाही का?

ओझरला हा प्रश्न परका नाही. 1964 मध्ये मिग विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना इथे उभा राहिला, शेजारी हवाई दल, आणि देशभरातली माणसं नोकरीसाठी या माळावर आली. बदली हा इथल्या घरांचा रोजचा विषय. काल आपल्या संघातून खेळलेला गडी दोन वर्षांनी दुसऱ्या तळाकडून समोर उभा राहतो, याचं इथे कुणाला आश्चर्य वाटत नाही. शाळांमध्येही तेच. क्रीडाशिक्षक शाळा बदलतात आणि सुब्रतो चषकाच्या प्राथमिक फेऱ्यांत, हवाई दलप्रमुखाच्या नावाच्या त्या स्पर्धेत, आपणच घडवलेल्या मुलांसमोर दुसऱ्या शाळेची मुलं घेऊन उभे राहतात. जुनी मुलं सामन्याआधी पळत येऊन सरांच्या पाया पडतात आणि पाच मिनिटांनी त्यांच्याच संघावर चाल करून जातात.

बाकाला हे सगळं जवळून दिसतं, म्हणून त्याला एक गोष्ट आपल्याआधी कळलेली असते. माहिती एका बाजूला कधीच राहत नाही. सरांना ठाऊक असतं की हा गोलरक्षक पेनल्टीला उजवीकडे झेपावतो. पण सरांना हे ठाऊक आहे, हे त्या गोलरक्षकालाही ठाऊक असतं, आणि तो त्या दिवशी डावीकडे जातो. सरांनी मुलांचा खेळ वाचलेला असतो, तसा मुलांनीही सरांचा वाचलेला असतो. आघाडी मिळाली की सर मागे खेचून घेतात, उत्तरार्धात हमखास बदल करतात, डावी बाजू त्यांची लाडकी, हे त्या अकरा जणांइतकं कुणाला माहीत असणार? एका माणसाला अकरा माणसं ठाऊक, आणि त्या अकरांनाही तो एक ठाऊक. हिशेब मांडायचा तर असा मांडायला हवा.

याचा सर्वांत चोख पडताळा आपल्या शेजारी, गोव्यात मिळाला. सर्जिओ लोबेरा हा स्पॅनिश प्रशिक्षक 2017 मध्ये एफसी गोवाकडे आला. त्याने संघाला आक्रमक, चेंडू पायाशी ठेवून खेळायला शिकवलं. 2019 च्या मार्चमध्ये इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं, त्याच वर्षी सुपर कप जिंकून दिला. 31 जानेवारी 2020 ला, संघ गुणतक्त्याच्या वरच्या टोकाला असताना, क्लबने त्याला निरोप दिला. पुढच्या मोसमात तो मुंबई सिटीचा प्रशिक्षक झाला. करोनामुळे तो अख्खा मोसम गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथे, प्रेक्षकांविना झाला. त्यामुळे फातोर्ड्याच्या ज्या मैदानावर लोबेरा यजमान म्हणून उभा राहत असे, तिथेच 25 नोव्हेंबर 2020 ला तो पाहुण्यांच्या बाकाकडे वळला.

स्टेडियम रिकामं होतं. जुन्या प्रशिक्षकाची हुर्यो करायला कुणी नव्हतं, टाळ्या वाजवायलाही कुणी नव्हतं. गर्दीचा राग, गर्दीचं प्रेम, दोन्ही गणितातून बाहेर गेलं होतं. उरली होती ती फक्त माहिती. आणि तिने काय दिलं? गोव्याचा एक खेळाडू पूर्वार्धातच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, तरी दहा जणांचा तो संघ भरपाई वेळेपर्यंत झुंजला. अगदी शेवटी ॲडम ल फोंड्रेच्या पेनल्टीवर मुंबई 1-0 अशी जिंकली. फेब्रुवारीत दुसरी गाठ पडली ती 3-3, तीही ईशान पंडिताने भरपाई वेळेत बरोबरी साधल्यामुळे. मार्चमध्ये उपांत्य फेरीत पुन्हा हेच दोघे समोरासमोर आले. पहिला सामना 2-2, दुसरा जादा वेळेनंतरही 0-0, आणि मग पेनल्टींवर मुंबई 6-5.

चार सामन्यांपैकी तीन बरोबरीत, आणि एक शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीवर सुटलेला. मुंबई त्या मोसमात 40 गुणांसह साखळीत पहिली होती, गोवा 31 गुणांसह चौथा. नऊ गुणांनी सरस असलेल्या संघाचा, समोरच्या संघाला आतून-बाहेरून ओळखणारा प्रशिक्षक, आणि तरी दोघांमध्ये केसभराचं अंतर! ओळखीचा मोठा फायदा असता तर तो इथे दिसायला हवा होता. दिसलं उलट. गोव्याच्या बाकावर हुआन फेरांडो हा नवा प्रशिक्षक होता, पण मैदानावर ब्रँडन फर्नांडिस, एदू बेदिया, सेरिटन फर्नांडिस होते. मुंबई पुढे काय करणार हे त्यांना पाठ होतं, कारण ते धडे त्यांनी स्वतः गिरवले होते.

तरीही मुंबईच पुढे गेली, अंतिम सामना जिंकून एकाच मोसमात साखळीची ढाल आणि करंडक दोन्ही घेणारा पहिला संघ ठरली, याचं उत्तर बाकावर शोधलं की सापडतं. लोबेरा एकटा आला नव्हता. अहमद जाहू, ह्युगो बुमूस, मुर्तदा फॉल आणि मंदार राव देसाई हे गोव्याचे खंदे खेळाडूही मुंबईच्या कपड्यांत आले होते. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात मुंबईचे दोन्ही गोल बुमूस आणि फॉल यांचे. समोरच्याची गुपितं ठाऊक असण्यापेक्षा, आपला खेळ ज्यांच्या अंगात मुरलाय अशी चार माणसं बरोबर असणं फार मोठं, हे पाहुण्यांच्या बाकाने मला शिकवलेलं पहिलं सत्य.

मुंबईच्या खालिद जमीलचीही गोष्ट याच वाटेने जाते. मुंबई एफसी या दुसऱ्या क्लबचा तो सात वर्षं प्रशिक्षक होता. पैशाने लहान असलेला तो संघ आय-लीगमध्ये तगून राहिला. मग त्याला जावं लागलं आणि त्याने मिझोरामचा आयझॉल एफसी हाती घेतला. आशुतोष मेहता, जयेश राणे ही मुंबई एफसीतली पोरं त्याच्याबरोबर डोंगरात गेली. 2016-17 च्या मोसमात आयझॉलने 37 गुणांसह आय-लीग जिंकून देशाला चकित केलं, आणि मुंबई एफसी तळाला राहिला. दोन संघ समोरासमोर आले ते मोसमात फक्त दोनदा. बाकीचे सगळे सामने दोघांनी इतरांशी खेळले, आणि खरा निकाल तिथेच लागला होता.

म्हणून नुसत्या हार-जितीची मोजदाद करून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. काढून टाकलेला प्रशिक्षक बहुधा लहान संघाकडे जातो आणि जुन्या बलाढ्य संघाकडून हरतो. तेव्हा लोक म्हणतात, ओळखीचा काही उपयोग नाही. बोलावून नेलेला प्रशिक्षक मोठ्या संघाकडे जातो आणि जिंकतो. तेव्हा लोक म्हणतात, घरचा भेदी. दोन्ही वेळी तोलायला हवी संघांची ताकद, आणि मग पाहायचं की अपेक्षेपेक्षा वेगळं काय घडलं. चेल्सीचा जुना प्रशिक्षक जोसे मोरिन्यो 2010 च्या मार्चमध्ये इंटर मिलानला घेऊन चेल्सीच्या मैदानावर आला आणि 1-0 जिंकला. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये तोच माणूस त्याच मैदानावर मँचेस्टर युनायटेडला घेऊन आला आणि 0-4 हरला. बाक तोच होता, बसणाराही तोच होता. सहा वर्षांत चेल्सी बदलला होता आणि त्याने आणलेला संघही वेगळा होता.

ओळखीला वय असतं, हे आमच्या भागातल्या द्राक्षबागायतदाराला समजावून सांगावं लागत नाही. गेल्या हंगामात बाग ज्याने बांधली त्याला वेल ठाऊक असतो. पण एप्रिलची खरड छाटणी झाली की काडी नवी फुटते, आणि ऑक्टोबरला घड येतो तो त्या नव्या काडीवर. संघाचंही तसंच. दर मोसमाला पाच-सहा खेळाडू बदलतात, नवा प्रशिक्षक जागा बदलतो, कालचा राखीव आज कर्णधार होतो. जुन्या प्रशिक्षकाची माहिती पहिल्या काही महिन्यांत ताजी असते, वर्षभरात शिळी होते. खोड तेवढं ओळखीचं राहतं.

ते खोड म्हणजे शिकवण. क्रिकेटमधलं एक उदाहरण इथे सोडवत नाही. 2022 च्या जूनमध्ये बेंगळुरूला रणजी करंडकाचा अंतिम सामना मुंबई आणि मध्य प्रदेशात झाला. मध्य प्रदेशचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, अस्सल मुंबईकर, मुंबईला प्रशिक्षक म्हणून रणजी जिंकून दिलेले. समोर मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. दोघेही रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीतले. कोणाला कोणाची गुपितं नवी होती? मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकला तो मुंबईची मर्मं ठाऊक होती म्हणून, असं म्हणणं त्या पोरांवर अन्याय करणारं आहे. पहिल्या डावात त्यांनी 536 धावा केल्या. इतका वेळ खेळपट्टीवर उभं राहायला दुसऱ्याच्या गुपितांचा आधार पुरत नाही. उभं राहणं शिकावं लागतं. मुंबईची म्हणून जी खडूस चिकाटी प्रसिद्ध, ती पंडितांनी दुसऱ्या राज्यातल्या मुलांच्या अंगी बाणवली होती. त्या दिवशी मुंबईसमोर मुंबईचाच धडा उभा होता.

बाकाचं दुसरं सत्य हे. जुन्या संघासमोर बसलेल्या प्रशिक्षकाला तिथून जे दिसतं ते इतर कुठूनही दिसत नाही. एरवी तो आपल्या कामाच्या मागे उभा असतो. इथे पहिल्यांदा ते त्याच्या समोर येतं. आपणच जिच्या जागा ठरवल्या ती बचावफळी आता आपली वाट अडवते. आपण ज्याला मान वर करून खेळायला शिकवलं, तो मधल्या फळीतला पोरगा मान वर करतो आणि आपल्याच संघाला चिरत पास देतो. त्या क्षणी प्रशिक्षकाचं नुकसान होतं आणि त्याचं काम सिद्धही होतं. 2021 च्या एप्रिलमध्ये गोव्याचा संघ एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब म्हणून उतरला आणि त्याने कतारच्या अल रय्यानला 0-0 असं रोखलं. ती जागा मिळाली होती 2019-20 च्या साखळीत पहिलं आल्यामुळे, आणि त्या मोसमातला बहुतेक काळ संघ लोबेराच्या हाताखाली होता. बाकावर तेव्हा फेरांडो होता, लोबेराचं काम मात्र मैदानावर होतं.

म्हणून कुणी मला विचारलं की जुन्या संघासमोर प्रशिक्षकाला फायदा होतो का, तर माझं उत्तर असं: थोडा होतो, थोडे दिवस होतो, आणि समोरच्यांनाही जवळपास तेवढाच होतो. टिकणारा फायदा एकच, आणि तो त्या दिवसाच्या कितीतरी आधी मिळवलेला असतो: माणसं घडवण्याचा. काही घडवलेली माणसं तो सोबत नेतो, उरलेली समोर उभी राहतात. दोन्हीकडे त्याचा हात दिसतो. जो प्रशिक्षक गेला आणि ज्याच्या जाण्याने संघात काहीच उरलं नाही, त्याची भीती बाळगायचं कारण नाही. भीती बाळगावी ती ज्याच्या खुणा अजून आपल्या खेळात आहेत त्याची, आणि मानही त्यालाच द्यावा.

आपल्याकडे अशा माणसाला गद्दार म्हणायची सवय वाढते आहे. मोठ्या लीगच्या गर्दीत ती आहे, आणि तालुक्याच्या शालेय सामन्यांतही तिचा आवाज ऐकू येऊ लागला आहे. हे थांबायला हवं. नोकरी बदलते, क्लब बदलतात, शाळा बदलतात. शिकवणं हा ज्याचा धंदा, त्याला बदलीवर जावंच लागतं. तो परत येऊन पाहुण्यांच्या बाकाकडे वळला की आधी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवाव्यात, त्याच्या जुन्या खेळाडूंनी सर्वांत जोरात. आणि मग शिट्टी वाजली की त्यानेच शिकवलेल्या प्रत्येक गोष्टीचा वापर करून त्याला हरवायचा जिवापाड प्रयत्न करावा. शिकवणाऱ्याला याहून मोठी पावती देता येत नाही.