जडपणाचे दोन अर्थ

शालेय विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात घनतेला फारशी जागा लागत नाही. व्याख्येच्या दोन ओळी, वस्तुमानाला आकारमानाने भागण्याचे सूत्र आणि सरावाची चार उदाहरणे एवढ्यावर तो पाठ आटोपतो. परीक्षेतही हे सहज मिळणारे गुण समजले जातात. तथापि विज्ञान शिकविण्यात बरीच वर्षे गेल्यावर मला असे वाटू लागले आहे, की मुलांच्या विज्ञानशिक्षणातला एक खरा उंबरठा येथे आहे. लांबी डोळ्यांना कळते, वजन हाताला कळते, उष्ण-शीत त्वचेला कळते. मोजपट्टी, तराजू आणि तापमापक यांनी या जाणिवांना नेमकेपणा दिला एवढेच. घनतेसाठी मात्र वेगळे इंद्रिय नाही. ती दोन राशींमधला संबंध आहे आणि तो बुद्धीनेच जाणून घ्यावा लागतो.

पहिली अडचण उभी राहते ती भाषेत. ‘ही गोणी जड आहे’ असे आपण म्हणतो आणि ‘शिसे जड असते’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात समोरच्या एका वस्तूच्या वजनाविषयी बोलणे असते, दुसऱ्यात पदार्थाच्या स्वभावाविषयी. शिशाचा छर्रा तांदळाच्या गोणीपुढे काहीच नव्हे, तरीही शिसे जडच. मोठी माणसे हा भेद संदर्भाने सांभाळून घेतात. एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड, या प्रश्नाला मूल ‘लोखंड’ असे उत्तर देते तेव्हा आपण हसतो. वास्तविक ते जडपणाच्या दुसऱ्या अर्थाने बोलत असते. त्याच्यापाशी कल्पना असते, पण तिच्यासाठी स्वतंत्र शब्द नसतो. तो शब्द त्याला मिळवून देणे हे शिक्षकाचे काम.

दुर्दैवाने आपण जो शब्द देतो त्याचेही पाश आहेत. ‘घन’ म्हणजे मेघ, गणितात ‘घन’ म्हणजे तिसरा घात, आणि ‘ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर’ या एककात हा शब्द तिसऱ्याच कामासाठी येऊन बसतो. शिवाय ‘घनदाट’मुळे घनता म्हणजे दाटपणा असा समज होतो. घरातले दूध हे याचे उत्तम उदाहरण. साय धरणाऱ्या दुधाला आपण दाट म्हणतो. पण स्निग्धांश पाण्याहून हलका असतो, म्हणून तर साय वर येते. साय काढून घेतलेले दूध जिभेला पातळ लागते, मात्र त्याची घनता वाढलेली असते. अशा दुधात बेताने पाणी मिसळले, तर घनता पुन्हा मूळपदावर येते आणि एकट्या लॅक्टोमीटरला ती लबाडी पकडता येत नाही. तेलही पाण्यापेक्षा संथ ओघळते, पण त्याची घनता ०.९२ च्या आसपास असल्याने ते पाण्यावर तरंगते.

वर्गात मी एक प्रश्न नेहमी विचारीत असे. साबणाच्या वडीचे दोन समान तुकडे केले, तर एका तुकड्याची घनता किती? सूत्र तोंडपाठ असलेली मुलेसुद्धा ‘निम्मी’ असे सांगत. वस्तुमान निम्मे झालेले त्यांना दिसे. त्याबरोबर आकारमानही निम्मे झाले, हे एकाच वेळी मनात धरणे जड जाई. बेर्बेल इनहेल्डर आणि ज्याँ पियाजे यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, वस्तू का तरंगतात याची मुलांनी दिलेली कारणे तपासली आहेत. लहान मुले ‘ती लहान आहे म्हणून’, ‘ती हलकी आहे म्हणून’ अशी सुटी कारणे देतात. वस्तूची तुलना तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याशी करणे पुष्कळ पुढे जमते. ही वाट सूत्राच्या एका ओळीने ओलांडता येत नाही.

चित्रेही नेहमी साहाय्य करतात असे नाही. घन पदार्थात कण खेटून बसलेले आणि विरळ पदार्थात दूरदूर, असे चित्र फळ्यावर काढले जाते. बर्फापुरते ते उपयोगी आहे. पाणी गोठताना रेणूंची मांडणी मोकळी होते आणि घनता ०.९२ च्या जवळ येते. पण अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७ आणि सोन्याची १९.३, हा फरक दाटीचा नाही. दोन्ही धातूंत एकेक अणू जवळजवळ सारखीच जागा व्यापतो. सोन्याचा अणू अ‍ॅल्युमिनियमच्या अणूच्या सात पटींहून अधिक भारी असतो, एवढेच त्याचे कारण आहे.

कोकणातल्या एका शाळेत शिकवीत असताना विज्ञानात जेमतेम उत्तीर्ण होणारी एक मुलगी माझ्या वर्गात होती. हा विषय आपला नव्हे, असे तिने ठरवून टाकले होते. पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूंची चर्चा चालू असताना ती प्रथमच बोलली. तिची आई पेरणीपूर्वी भाताचे बी मिठाच्या पाण्यात टाकून निवडत असे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे, वर येणारे पोचट दाणे काढून टाकायचे, तळाशी बसलेले बी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. साधे पाणी का चालत नाही, असे मी विचारले. अर्धवट भरलेले दाणे साध्या पाण्यात बुडतात, हे तिला ठाऊक होते. क्षणभर थांबून ती म्हणाली, “बाई, मग मीठ वाढवत गेलं तर चांगलं बीसुद्धा वर येईल की!”

तीन टक्के मिठाने पाण्याची घनता साधारण १.०२ होते. बुडणे आणि तरंगणे यांमधली सीमारेषा किंचित सरकते आणि भरलेला दाणा पोचट दाण्यापासून वेगळा होतो. ही रेषा आपल्याला हवी तशी सरकविता येते, हे त्या मुलीने स्वतः शोधले होते. आकडे त्यानंतर आले आणि ते तिला परके वाटले नाहीत. तिच्या आजीच्या पिढीने पायलीने धान्य मोजले होते. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली आणि बाजारात किलो रुळला. पायलीभर भात आणि पायलीभर तांदूळ यांचे वजन सारखे भरत नाही, हे त्या घरांना कोणी शिकविले नव्हते. त्या मापात दाण्यांमधली हवाही मोजली जाते, एवढीच सूक्ष्मता शाळेने त्यात घालायची.

मग मी पाठाचा क्रमच बदलला. आधी तरंगणे, मग समान आकारमानाच्या वस्तूंची तुलना, आणि सूत्र सर्वांत शेवटी. वेळ अधिक लागे. पण अशा कल्पना पुढे आयुष्यभर भेटत राहतात. वेग, व्याजाचा दर, दरडोई उत्पन्न हे सारे दोन राशींचे संबंध आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे राहत होती, गडचिरोली जिल्ह्यात ७४. इतक्या विरळ वस्तीत दवाखाना किती दूर पडत असेल, हे जिल्ह्याच्या एकूण लोकसंख्येच्या आकड्यावरून उमगत नाही. साबणाचा तुकडा हातात घेऊन ‘याची घनता तेवढीच आहे’ असे जे मूल समजून सांगते, त्याला पुढे हेही वाचता येईल, अशी मला आशा आहे.